रथसप्तमीनंतरचा तिळगूळ

१० जानेवारी, शनिवार

सुखरूप पोचले. गाडी चक्क वेळेवर आली. फलाटावर अमेय दोन्ही हात हलवत उभा होता आणि माझ्यासाठी घरून शाल घेऊन आला होता. मावशीजी, जबलपूरची थंडी तुमच्या वाईसारखी नाही, पहिले हे ओढा, असे म्हणून त्याने मला गर्दीतच गुंडाळले. भाचजावई म्हणून मुलगा चांगला आहे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी, चेहरा हसरा, बोलतो मात्र गरजेपेक्षा जास्त.

अपूर्वाला आठवा महिना संपत आला आहे. पोट मोठे, चेहरा बारीक. माझ्या धाकट्या बहिणीची ही एकुलती मुलगी. बहीण कोविडच्या दुसऱ्या लाटेत इथल्याच एका दवाखान्याच्या वॉर्डात एकटी गेली. तेव्हा जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या आणि मी वाईत. म्हणून या खेपेस कोणी विचारायच्या आत कळवून टाकले की बाळंतपण मी करणार. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मला दुसरे काम तरी काय आहे?

घर नेपियर टाउनमध्ये, दुमजली. खाली मालक देवदत्तराव आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई, वर ही दोघे. जिन्याच्या वरच्या टोकाला लोखंडी सरकते जाळीचे दार आहे, त्याला इथे चॅनल गेट म्हणतात. गच्चीचा दरवाजा मागच्या बाजूला. बाळंतिणीची खोली मी आल्या आल्या ठरवली: आतली, बाल्कनीकडे गजांची खिडकी असलेली, आतून भक्कम कडीची. न्हाणीघर तिला लागूनच आहे.

एकच तक्रार. सामान सोडते तोच माणसे यायला लागली. प्रमोदिनीबाई, त्यांच्या मागे आणखी तिघी, कोणाचाही निरोप नाही की फोन नाही. इथे मराठी घरे मूठभर, म्हणून एकमेकांना धरून असतात, असे अपूर्वा म्हणते. माझे मत असे की माणसाने माणसाकडे कामापुरते जावे आणि कळवून जावे. मी गप्प बसून राहिले तर प्रमोदिनीबाई म्हणतात, लतिकाताई, काहून अशा बसून राहिल्या? तब्येत बरी नाही का? त्या गेल्यावर अपूर्वा पोट धरून हसली. म्हणाली, मावशी, तुला कधी कोणाशी गोड बोलता येईल का गं? नाही, मी म्हटले. आणि खरेच येत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळाचे लाडू मी केले, कारण अपूर्वा पाक बिघडवते. मोठा डबाभर झाले. वेलदोडे कुटायला तिच्या आईचा पितळी खलबत्ता निघाला. बत्ता चांगला जड आहे, हातात घेतला की बरे वाटते.

अमेयने संध्याकाळी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलेबी आणली. काळी दिसते, पण चवीला उत्तम. मी दोन खाल्ल्या, तर त्याने सगळ्या गल्लीला सांगितले.

देवदत्तराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि आता पक्ष्यांचे फोटो काढतात. आज पहाटेच बरगीच्या धरणाकडे गेले होते. तिथे काठाला परदेशी बदके मरून पडली आहेत म्हणे, गावातल्या कोंबड्याही. त्यातले एक बदक जिवंत होते, मान वाकडी करून गोल गोल फिरत होते, म्हणून हे गृहस्थ स्वतःच्या शालीत गुंडाळून ते घरी घेऊन आले. अंगणात खोक्यात ठेवले आहे. मी बदकाकडे पाहिले आणि देवदत्तरावांना स्पष्ट सांगितले की हे पुरून टाका आणि शाल जाळा. इतकी वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. फ्लूचा विषाणू बदकांच्या आतड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. एरवी तो तिथेच राहतो, पण कधीतरी माणसाच्या घशात उतरतो आणि माणसाकडून माणसाकडे जायला शिकतो. ते हसले. अरे भई ताई, बेचारं थंडीनं कुडकुडून राहिलं, म्हणाले. बदक रात्रीच मेले.

२२ जानेवारी, गुरुवार

गणेशजयंती. खालच्या दिवाणखान्यात अथर्वशीर्षाचे सहस्रावर्तन झाले. चाळीसेक माणसे, सगळी जबलपूरची मराठी मंडळी, गुडघ्याला गुडघा लावून. अपूर्वाला मी वरच ठेवले. गर्दीत गर्भारशीचे काही काम नाही.

आवर्तने मोजायचे काम माझ्याकडे आले. आवाज आणि शिस्त हवी, म्हणून. माझा गुडघा दुखतो, तेव्हा मी दाराबाहेर ओसरीत खुर्ची टाकून बसले, बदाम एका वाटीतून दुसरीत टाकत. आत थंडी वाजते आणि रस्त्याच्या हॉर्नमुळे उच्चार बिघडतात म्हणून खिडक्या घट्ट लावल्या होत्या. संकल्प सोडला की आसनावरून उठायचे नाही, हा नियम. देवदत्तराव मधल्या ओळीत होते. त्यांना सकाळपासून कणकण होती. अर्ध्यावर खोकल्याची उबळ आली, ते उठायला लागले. मी दारातून नुसते त्यांचे नाव घेतले. बसले. त्या आवाजाला शाळेतल्या मुली बाकाखालून बाहेर येत. ते बसले आणि खोकत खोकत शेवटपर्यंत म्हणत राहिले, त्यांच्याभोवती चाळीस माणसे मोठ्याने श्वास ओढत आणि सोडत होती.

आता लिहिताना हे मला आवडत नाही. पण कार्य निर्विघ्न पार पडले.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. संक्रांतीचे हळदीकुंकू आजपर्यंत. प्रमोदिनीबाई ताप अंगात असताना काल अख्ख्या नेपियर टाउनमध्ये हळदीकुंकवाला फिरून आल्या. आज पडल्या. आवर्तनाला बसलेल्यांपैकी निम्मे अंथरुणात आहेत. घराघरांतून तोच खोकला, कोरडा, कुत्रे भुंकल्यासारखा. मला काही नाही. दाराबाहेरच्या वाऱ्याने वाचवले.

हा आजार असा आहे की पहिली शिंक यायच्या आदल्या दिवशीच माणूस दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असतो. हळदीकुंकवात किती जणींच्या कपाळाला बोट लागले असेल याचा हिशेब मी करत नाही.

मी वरचे गेट लावले आणि कुलूप घातले. अमेयला कारखान्यातून रजा नाही. त्याला तिथेच मित्राकडे राहायला सांगितले. तो फोनवर रडवेला झाला. अपू, मी खिडकीतून तरी दिसून जाऊ का, म्हणाला. मी नाही म्हटले.

२७ जानेवारी, मंगळवार

देवदत्तराव गेले. दवाखान्याच्या दारातच, स्ट्रेचर मिळायच्या आधी. ओठ जांभळे झाले होते म्हणे, आणि नाकातोंडातून रक्ताचा फेस. बरगीकडची दोन गावे बंद केली आहेत. शहरात शाळा बंद, बाजार बंद. टीव्हीवर सांगतात, नवा इन्फ्लुएन्झा, तरुणांनाच अधिक. रस्त्यावर रुग्णवाहिकांची रांग लागली आहे आणि भोंगे एकमेकांत मिसळून एकच आवाज येतो.

प्रमोदिनीबाई खाली एकट्या, तापात. मी जिन्यावरून पेज आणि पाणी खाली सोडते, दोरीने. देवदत्तराव गेल्याचे कोणी सांगितले नाही, मी सांगितले. 

३० जानेवारी, शुक्रवार

आज जे पाहिले ते जसेच्या तसे लिहिते.

सकाळी प्रमोदिनीबाई जिना चढून वर आल्या. ताप उतरला होता. गाल लाल, डोळे ओले आणि चमकदार, नवी जरीची साडी, कपाळभर कुंकू. नवरा जाऊन तीन दिवस झालेल्या बाईच्या हातात तिळगुळाची वाटी. गेटच्या जाळीतून हात घालून म्हणाल्या, तिळगूळ घ्या, गोड बोला. मी म्हटले, रथसप्तमी झाली, आणि तुम्हाला सुतक आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, लतिकाताई, उघडा ना जी, एकटं बसवून नाही राहिलं. आतमधून कसंतरी होऊन राहिलं. अपूर्वाजवळ थोडं बसते, काही बोलत नाही, नुसती बसते.

मी उघडले नाही. त्या जाळीला गाल लावून उभ्या राहिल्या आणि आमच्या घरातली हवा ओढत राहिल्या. दुपारपर्यंत.

१ फेब्रुवारी, रविवार

अपूर्वाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. प्रमोदिनीबाई खाली नाहीत असे बघून, मास्कवर मास्क आणि डोक्यावरून पदर घेऊन चालत सदरला, छावणीच्या बाजारात, गेले, तिथे लष्कराच्या बंदोबस्तात एक औषधाचे दुकान उघडे होते.

वाटेत पाहिले, रांगेत ऐकले, आणि आता मला समजले. मरतात ते मरतात. जे वाचतात, त्यांचा ताप उतरतो, आणि मग त्यांना एकटे राहवत नाही. बस, एवढेच. चावत नाहीत, ओरडत नाहीत. त्यांना माणसाजवळ जायचे असते, तोंडाजवळ तोंड नेऊन बसायचे असते. विषाणूला जे हवे ते यांना हवेसे वाटायला लागते. आणि अडवले की हातात येईल ते घेऊन अडथळा फोडतात. गोड हसत.

सदरच्या चौकात एक उंच तरुण, बहुधा जवान, रांगेतल्या माणसांना मिठ्या मारत सुटला. भैया, बस एक मिनट, बस एक मिनट, म्हणत होता. एका बाईला त्याने इतके आवळले की तिची बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग रांग तुटली आणि लोक त्याच्यावर पडले. क्रिकेटच्या बॅटी, दुकानाची शटर ओढायची सळई, विटा. त्याचा जबडा लोंबायला लागला तरी तो हात पसरत होता. मारणाऱ्यांपैकी एकाचा मास्क सुटला तेव्हा जवानाने त्याच्याच गळ्याला मिठी घातली. जमावाने मग त्या दोघांनाही ठेचले. दुसरा पूर्णपणे निरोगी होता, नाही नाही म्हणत होता.

मी गोळ्या घेतल्या आणि आले. माझ्या पदरावर कोणाचे तरी रक्त होते. साडी अंगणात जाळली. शाल जाळा म्हणून मी सांगितले होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

जिन्यावर माणसे बसली आहेत. ओळखीचे चेहरे: गणेशजयंतीच्या ओळी. प्रमोदिनीबाई सर्वांत वरच्या पायरीवर. अथर्वशीर्ष म्हणत आहेत, एका सुरात, उच्चार अगदी स्पष्ट. प्रत्येक आवर्तनानंतर सगळे मिळून गेट हलवतात.

दुपारी कुलपाची कडी वाकायला लागली. प्रमोदिनीबाईंची बोटे जाळीतून आत, तिळगूळ धरलेला. मी बत्ता आणला. मागे घ्या म्हणून सांगितले. तीनदा सांगितले. मग मारला. बोटे जाळीच्या पट्टीवर चिरडली, हळकुंडे कुटतात तसा आवाज झाला. त्यांनी हात मागे घेतला नाही. म्हणाल्या, गोड बोला. मी पुन्हा मारला. बांगडी फुटली, नखे फरशीवर पडली. हात बदलून त्यांनी दुसऱ्या हाताने लाडू पुढे केला.

गेटवर लाकडी पलंग लावला, कपाट लावले. अपूर्वा आतल्या खोलीत कानांवर उशी दाबून बसली आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बातमी बरी आहे. ज्या गर्भवती अजून निरोगी आहेत त्यांना गाडीने नेऊन कँटोन्मेंटमध्ये वेगळ्या इमारतीत ठेवणार. अपूर्वाचे नाव नोंदवले. गाडी येईल, पण कधी ते नक्की नाही. बड्या फुहाऱ्याकडचा रस्ता प्रेतांनी आणि उलटलेल्या गाड्यांनी भरला आहे. फोनवरच्या मुलाने एवढेच सांगितले की दीदी, कोणालाही दार उघडू नका, आपल्या माणसालाही नाही.

एवढेच करायचे आहे. गाडी येईपर्यंत ही मुलगी लागणीपासून वाचवायची.

आतल्या खोलीत सगळे नेऊन ठेवले: पाणी, बिस्किटे, खजूर, विजेची किटली, स्वच्छ धोतरे, उकळलेला दोरा, नवे ब्लेड. दिवस भरत आलेत. बाळंतपण कसे होते, तिने स्वतः काय करायचे, ते फळ्यावर शिकवावे तसे शिकवले. तिने ऐकले. लहानपणी सुट्टीत वाईला यायची तेव्हाही असेच हात मांडीखाली घालून ऐकायची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अमेयचा फोन लागत नव्हता. आज लागला. आवाज इतका आनंदी होता की मी फोन बंद केला.

संध्याकाळी तो खाली रस्त्यावर आला. अपू, मी ठीक झालो, बघ, बुखार उतरला, दरवाजा खोल ना. अपूर्वा धावत गेटकडे निघाली, पोट घेऊन, चप्पल न घालता. मी मुख्याध्यापिकेच्या आवाजात तिचे नाव घेतले. फक्त नाव. ती जागच्या जागी थांबली, परत खोलीत गेली, कडी घातली. तिला स्वतःलाच ते कसे झाले कळले नाही. मलाही त्या आवाजाचा अभिमान वाटला नाही.

अमेय जिन्याने आला नाही. शेजारच्या गच्चीवरून—

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायलाच हवे.

तो गच्चीचे दार फोडून आत आला. हातात शेजाऱ्यांची सळई. आत येताच ती खाली टाकली, जणू पाहुणा काठी कोपऱ्यात ठेवतो. मावशीजी, तुम्ही थकून राहिल्या, बसा तुम्ही. मी पाच मिनिटं तिच्याजवळ बसतो, बस. मी दारासमोर उभी राहिले. त्याने मला ढकलले नाही. मिठी मारली. मी बत्त्याने त्याच्या खांद्यावर मारले, मग कानावर. पितळ हाडात रुतते तेव्हा हाताला झिणझिण्या येतात. तो सोडेना. माझा मास्क त्याच्या गालाने सरकला. त्याचे तोंड माझ्या तोंडाशी, गरम श्वास, रक्त, तिळाचा वास. तो म्हणत होता, बस, बस, अब अच्छा लग रहा है. मी मारत राहिले. तो खाली पडला तरी मारत राहिले, कारण त्याचे हात अजून पसरत होते.

मग ते थांबले.

अपूर्वाने दारापलीकडून सगळे ऐकले. ती किंचाळली नाही. कातिल, एवढेच म्हणाली, हिंदीत.

त्याला गच्चीवर ओढत नेले. जिलेबी आणली त्या संध्याकाळी घातलेला मफलर अजून त्याच्या गळ्यात होता. दरवाजाला फळ्या ठोकल्या.

मग दाराशी बसून तिला सांगितले. माझा तिरस्कार कर, पण ऐक. मलाही लागण झाली असणार. मी मेले तर प्रश्न नाही. वाचले तर आहे. मी आयुष्यात कोणाशी गोड बोलले नाही. ज्या दिवशी मी बाळ, राणी, सोन्या म्हणू लागेन, दार उघड गं म्हणून गळा काढीन, त्या दिवशी तुझी मावशी संपली असे समज. मी गोड बोलू लागले की कडी काढायची नाही. म्हण माझ्यामागून.  तिने म्हटले.

८ फेब्रुवारी, रविवार

ताप. हाडे कोणीतरी पिळते आहे. खोकल्यात रक्त. जिन्यावरचे थांबत नाहीत. गेटचा एक खिळा सुटला.

बाल्कनीकडे जात नाही. तिकडची खिडकी तिने आतून लावून घेतली आहे. तिच्याजवळ पाणी आहे.

९ —

बहीण आली होती. वॉर्डातल्या कपड्यांत. म्हणाली, ताई, तिथे कोणी जवळ बसलं नाही गं. कोणीच—

बत्ता स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली टाकून दिला. माझ्या हाताशी नको.

भिंतीवर डोके आपटले. बरे वाटते. ती आहे का आत? खोकला नाही तिचा. नाही. चांगले.

११ फेब्रुवारी

ताप उतरला.

केवढे शांत वाटते. खिडकीतून ऊन आले आहे. मी हे स्वच्छ डोक्याने लिहीत आहे आणि मला काही झालेले नाही, हे आधी नमूद करते. फक्त घर फार रिकामे आहे. खुर्ची रिकामी, पलंग— या घरात किती जागा आहे जिथे कोणीच बसलेले नाही.

खालची माणसे छान म्हणतात. मी दारामागून त्यांच्याबरोबर म्हटले. एकही उच्चार चुकला नाही.

इतकी वर्षे एकटी जेवले मी. कशी जेवले?

१२

बाळ रडले.

आत, दारापलीकडे. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखे. एकटीने केले पोरीने सगळे. माझी विद्यार्थिनी. मी दारावर गाल ठेवून ऐकत होते. फटीतून वास येतो, ओल्या जावळाचा, दुधाचा. एवढासा श्वास. एवढासा नवा श्वास आणि शेजारी कोणी नाही—

अपू, राणी, बाळाला बघू दे गं. लाडू आणलाय. संक्रांतीचा, मीच केलेला. बाळंतिणीला तीळ चांगले. सोन्या, एकदाच.

 मग ती रडायला लागली. म्हणाली, मावशी, तू गोड बोलून राहिली.

दुपार

रस्त्यावरून लाउडस्पीकरवर सांगत गेले. गाडी उद्या सकाळी येणार. घेऊन जाणार त्यांना. दोघांनाही. मला इथे ठेवून—

दारावर आपटले, खांद्याने, डोक्याने. कडी भक्कम आहे. मीच निवडली. बत्ता का टाकला? रक्त डोळ्यांत येते, पुसते. नखे निघाली दोन. दुखत नाही.

संध्याकाळ

गेट उघडले. कपाट मीच बाजूला केले. या, म्हटले, या, कळवायची काय गरज.

सगळे आले. घर कसे भरून गेले. प्रमोदिनीबाई माझ्या कुशीला टेकून बसल्यात, त्यांची ती मोडकी बोटे माझ्या हातात. सगळे दाराकडे बघतात. ढकलू का, विचारतात. मी मान हलवते. बाळ घाबरेल. डोळे वटारले की गप्प बसतात, शाळेसारखे—

शाळेसारखे.

१३

भोंगा गल्लीच्या तोंडाशी. वही गुडघ्यावर, दाराशीच आहे.

रात्रभर विचार केला, त्यांच्या उबेत. गोड बोलले की उघडायचे नाही. बरोबर. हुशार मुलगी. पण मग—

गोड बोलायचे नाही.

घसा साफ केला. सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावले. उभी राहिले, पाठ ताठ. अपूर्वा. बावळट मुली. गाडी दारात उभी आहे आणि तू कडी लावून बसतेस? मूल कुडकुडवून मारायचे आहे का? माझा ताप साधा होता, सर्दीचा. काल बडबडले ती ग्लानी. ऊठ. रडणे बंद. एक शब्द ऐकायचा नाही मला. पदर नीट घे, मूल गुंडाळ आणि बाहेर ये. अपूर्वा!

आत बाळ कुरकुरले. मग पावलांचा आवाज.

किती घाबरली आहे, हुंदका गिळते आहे. माझी गुणी, माझी सोन्यासारखी— नाही. अजून नाही. ताठ. ताठ उभी राहा, लतिका.

कडी हलते आहे. सगळ्यांनी श्वास ओढून धरला आहे. लाडू माझ्या हातात आहे, दार किंचित

तिळगूळ घे गं, गोड